मोटरसायकल निवडताना मी आधी पुढचं चाक बघतो

तुमचा प्रश्न असा आहे : "सात वर्षं 125 सीसी चालवली, आता 300-400 च्या घरातली गाडी घ्यायची आहे. सीसी आणि पॉवर सोडून माजी रेसर गाडीत काय बघतो? आणि रेसिंगमधलं रस्त्यावर काय उपयोगी पडतं?"

मी पुढचं चाक बघतो. ते रस्त्यावर कसं टेकलंय, किती धरून आहे, कधी सुटेल, हे हाताला कळतं की नाही, एवढंच. ते कळत असेल तर 20 अश्वशक्तीची गाडीही मजेत आणि जोरात चालवता येते. कळत नसेल तर 45 अश्वशक्ती नुसती अंगावर येते.

हे मला कळायला एक मोडलेलं कॉलरबोन लागलं. नव्वदच्या दशकात मी कोल्हापूरहून श्रीपेरुंबुदूरला शर्यतींना जायचो. चेन्नईजवळचा तो ट्रॅक 1990 साली सुरू झालेला. गाडी यामाहाची आरएक्स 100 : मूळची 98 सीसी, 11 अश्वशक्ती, वजन शंभर किलोच्या आसपास. आमचा सगळा जीव इंजिनात. पोर्ट घासायचे, जेट बदलायचे, एक्स्पान्शन चेंबर वेल्ड करून घ्यायचा. चेसिसकडे, म्हणजे गाडीच्या सांगाड्याकडे, फ्रेमकडे, कोण बघतो! एकदा सरावाच्या दिवशी कुणीतरी सांगितलं म्हणून मी पुढचे दोन्ही शॉकअप क्लॅम्पमधून 15 मिलिमीटर वर ओढून घेतले, म्हणजे गाडीचं तोंड तेवढं खाली आलं. गाडी वळणात अशी झटकन शिरायला लागली की मी जाम खूश. तिसऱ्या फेरीत सरळ पट्ट्यावर, टॉप गिअरमध्ये, चाक एका छोट्या खळग्यावरून गेलं आणि हँडल थरथरायला लागलं. आधी बोटभर. मग हँडलची दोन्ही टोकं टाकीवर आपटायला लागली. मी घट्ट धरलं, ते आणखी वाढलं.

हॉस्पिटलमधून परत आल्यावर आमच्या मिस्त्रींनी मला गॅरेजच्या फरशीवर बसवलं. गाडी सरळ उभी केली, हँडल ज्या तिरक्या दांड्यावर फिरतं त्याच्या रेषेत एक लांब पट्टी लावून ती जमिनीला जिथे भेटते तिथे खडूची खूण केली. मग पुढच्या ॲक्सलवरून ओळंबा सोडला आणि तो टेकला तिथे दुसरी खूण. या दोन खुणांमधल्या अंतराला ट्रेल म्हणतात. स्ट्रेचरचं किंवा ऑफिसच्या खुर्चीचं चाक ढकलताना आपोआप मागे वळून सरळ होतं ना, तेच काम ट्रेल करतो : चाकाला सरळ ठेवतो आणि रस्त्याची खबर हातापर्यंत आणतो. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांत तो 80 ते 110 मिलिमीटरच्या दरम्यान असतो. माझ्या उद्योगानं त्या खुणा जेमतेम चार-पाच मिलिमीटरनं जवळ आल्या होत्या. पेन्सिलीच्या जाडीपेक्षाही कमी. त्यात कोनसेट, म्हणजे त्या दांड्याचं बेअरिंग, थोडा ढिला होता, त्याची भर पडली. त्या खडूच्या खुणा मला आजही दिसतात.

हे फक्त माझं मत नाही, शर्यतींचा इतिहास तेच सांगतो. 1950 साली उत्तर आयर्लंडच्या रेक्स मॅकँडलेसनं नॉर्टन या ब्रिटिश कंपनीसाठी नवी चेसिस आणली. तो स्वतः शर्यती खेळलेला माणूस. नॉर्टनचं इंजिन एकाच सिलिंडरचं, समोर इटलीच्या गिलेराची चार सिलिंडरची, जास्त ताकदीची गाडी. नॉर्टनचा रेसर हॅरोल्ड डॅनियल म्हणाला, ही तर पिसांची गादी आहे, आणि त्या चेसिसचं नाव फेदरबेड पडलं. ब्रिटिश रेसर जेफ ड्यूकनं 1951 साली नॉर्टनवर 350 आणि 500 सीसी या दोन्ही गटांची जागतिक अजिंक्यपदं घेतली.

उलटं उदाहरण इटलीच्या व्हॅलेंटिनो रॉसी या रेसरचं. 2011 आणि 2012 असे दोन हंगाम तो डुकाटीवर होता, एकही शर्यत जिंकला नाही. तक्रार एकच : पुढच्या चाकाचं काही कळत नाही. त्याआधी केसी स्टोनरनं कार्बन फायबरच्या चेसिसच्याच डुकाटीवर शर्यती जिंकल्या होत्या, म्हणजे गाडीत वेग नव्हता असं कुणी म्हणू शकत नाही. कंपनीनं शेवटी कार्बन फायबर सोडून ॲल्युमिनियमची फ्रेम घेतली. फ्रेम नुसती कडक असून भागत नाही. गाडी कललेली असते तेव्हा शॉकअप रस्त्याच्या दिशेनं नीट दबत नाही, मग थोडं लवचिकपण फ्रेमनंच द्यावं लागतं. सगळ्यात वरच्या गटात, म्हणजे मोटोजीपी आणि त्याआधीच्या 500 सीसीत मिळून, सात वेळा जगज्जेता झालेल्या माणसाला पुढचा टायर वाचता येत नसेल, तर आपली काय कथा?

आता तुमच्या खरेदीकडे. वजन बघा, पण कागदावरचं नव्हे; ते कुठे आहे ते बघा. खाली आणि मधोमध असलेलं वजन चालताना विसरायला होतं. रॉयल एनफिल्डच्या 650 ची फ्रेम इंग्लंडच्या हॅरिस परफॉर्मन्स या चेसिस बनवणाऱ्या कंपनीबरोबर बनवलेली आहे, आणि 200 किलोच्या वर असूनही ती गाडी वळणात नीट वागते. चाकणला बनणारी केटीएमची 390 ड्यूक अगदी वेगळ्या स्वभावाची, हलकी आणि चपळ, पण पुढच्या चाकाची खबर तीही देते. 650 तुमच्या 300-400 च्या पलीकडची आहे, तरी फरक कळायला दोन्ही चालवा, आणि तुमच्या हाताला जी पटेल ती घ्या. एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, दोन्ही चाकांना आहे ना, तेवढं विचारा. 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना 2019 पासून ते सक्तीचं आहे, पण एकाच चाकाचं असलं तरी नियमात बसतं.

आणि कृपा करून मागे जाड टायर टाकू नका. ही एक गोष्ट बघितली की माझा जीव खालीवर होतो. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की त्याच्या कडा आत चिमटल्या जातात, गोलाई बिघडते, आणि गाडी कलायला कां-कूं करते. पैसे घालायचेच असतील तर कंपनीनं दिलेल्या मापाचे चांगले टायर घ्या आणि हवा सकाळी, गाडी थंड असताना, मोजून भरा. अंगठा दाबून नाही.

रेसिंगमधलं रस्त्यावर काय उपयोगी? वळणात गुडघा जमिनीला टेकवणं अजिबात नाही. पुढचा ब्रेक मात्र शंभर टक्के. आपल्याकडे "पुढचा दाबू नको, पडशील" असं शिकवतात आणि माणसं आयुष्यभर पायाच्या ब्रेकवर गाडी चालवतात. ब्रेक मारला की वजन पुढे येतं, पुढचा टायर रस्त्यावर जास्त दाबला जातो, म्हणून खरी पकड तिथेच असते. फक्त झटका द्यायचा नाही. लिंबू पिळतो तसं : आधी हलकं, वजन पुढे आलं की घट्ट. ताशी 60 किलोमीटरला एका सेकंदात गाडी जवळपास 17 मीटर जाते, आणि तो सेकंद तर नुसता "अरे" म्हणण्यात जातो. रिकाम्या मैदानात ताशी 40 पासून सुरुवात करून हे रोज दहा वेळा, महिनाभर करा.

दुसरं, नजर. आंबा घाटात किंवा करूळच्या घाटात वळणावर लोक कठड्याकडे बघतात आणि कठड्याकडेच जातात. वळण जिथे संपतं तिथे बघा, आणि ब्रेक वळणाच्या आधी संपवा. उसाच्या हंगामात ट्रॉलीतून पडलेला पाला आणि चोथा वळणाच्या बाहेरच्या बाजूला साचतो, तेव्हा ट्रॅकवर बाहेरच्या कडेनं वळणात शिरून आतल्या कडेला जातात, ती "बाहेरून आत" लाइन विसरा.

शोरूममधून टेस्ट राइड घ्याल तेव्हा जोरात पळवू नका. तो रस्ता सरळच असतो, पॉवर सगळ्यांचीच चांगली वाटते. ताशी 15 ला दोन-तीन यू-टर्न घ्या, मग ताशी 40 ला एखाद्या खराब पट्ट्यावरून हात अगदी सैल ठेवून जा. खड्डा हाताला कळला पण हँडल आपणहून सरळ झालं, तर त्या गाडीचा विचार करा.