फाटकातून गाडी काढण्याआधी इंजिनावरचा क्रमांक वाचा

नमस्कार. लष्कराच्या ई-लिलावात अडीच टनी टाटा ट्रक घेतला आहे, येत्या पंधरवड्यात तो घाटावरच्या डेपोतून ठाण्यातल्या कोलशेतपर्यंत स्वतः चालवत आणायचा आहे, तेव्हा बॅटरी, टायर आणि ऑइल यांची काय तयारी करावी, असे आपण विचारले आहे. शेवटी आपण लिहिले आहे की कागदपत्रे सगळी मिळाली आहेत, त्यांची चिंता नाही. हे वाक्य वाचून राहवले नाही, कारण 2014 च्या नोव्हेंबरात मी घरी अगदी हेच सांगितले होते आणि त्यानंतर चौदा महिने माझी गाडी एका जागेवरून हलली नाही.

ऑइल, पाणी, पंख्याचा पट्टा, बॅटरी हे सगळे कोणताही जाणकार मेकॅनिक अर्ध्या दिवसात पाहून देईल, त्यामुळे त्यावर मी लिहीत बसत नाही. मला जे लिहायचे आहे ते इंजिन क्रमांकाविषयी आहे.

माझी गाडी जबलपूरच्या कारखान्यात बांधलेली निस्सान वन-टन, म्हणजे एक टनी लष्करी गाडी. वडिलांनी सैन्यात असताना याच जातीची गाडी वर्षानुवर्षे चालवली होती, म्हणून ती घ्यायची हे फार दिवसांपासून मनात होते. डिलिव्हरीच्या दिवशी मी विक्री प्रमाणपत्रातले चॅसिस (म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा) आणि इंजिन यांचे क्रमांक डॅशबोर्डवर रिव्हेटने ठोकलेल्या पट्टीशी ताडून पाहिले. एकेक अंक बोट ठेवून वाचला, दोन्ही क्रमांक जुळले आणि मी पोचपावतीवर सही केली. चूक झाली ती इथेच. प्रमाणपत्र त्या पट्टीवरूनच उतरवलेले होते, म्हणून ते तिच्याशी जुळणारच होते. गाडीतले इंजिन मात्र ते नव्हते. लष्करी गाड्यांची मोठी दुरुस्ती होते तेव्हा मूळ इंजिन उतरवून आधीच तयार करून ठेवलेले दुसरे इंजिन चढवणे ही नित्याची गोष्ट आहे. तशी नोंद गाडीच्या लॉगबुकात, म्हणजे नोंदवहीत होते, पण माझ्या गाडीची डॅशबोर्डवरची पट्टी कोणी बदललेली नव्हती.

तात्पुरती नोंदणी आणि विमा दोन्ही कागदांवरून मिळाले आणि गाडी सुखरूप घणसोलीला पोहोचली. कायम नोंदणीच्या तपासणीत परिवहन कार्यालयाच्या निरीक्षकांनी बॉनेट उघडले, रॉकेलच्या चिंधीने इंजिनाच्या ब्लॉकवरचा (मुख्य ओतीव भागावरचा) तेलकट थर पुसला आणि टॉर्च तिरकी धरून आकडे मोठ्याने वाचले. शेवटचे चार आकडे निराळे होते. निरीक्षकांनी त्यांचे काम चोख केले, त्यांच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. जे काम त्यांनी पाच मिनिटांत केले ते मला डेपोच्या आवारात करता आले असते, आणि तिथे ते केले असते तर प्रमाणपत्रातला क्रमांक दुरुस्त करणारे पत्र त्याच टेबलावरून मिळण्याची शक्यता होती.

त्यानंतर जे झाले ते ज्या कार्यालयामुळे झाले त्याचे नाव मी लिहीत नाही. इंजिन बदलल्याचा दाखला आणा, असे एकीकडून सांगितले गेले. लॉट, म्हणजे लिलावातला माल, 'आहे तसा, आहे तिथे' विकला आहे, फाइल बंद झाली आहे, असे दुसरीकडून उत्तर आले. मधल्या त्या कार्यालयात मी अकरा वेळा गेलो. कधी साहेब रजेवर असत, कधी असले प्रकरण आपल्याकडे आलेलेच नाही असे सांगितले जाई, आणि अर्ज पुढे केला की आवक शाखेतला माणूस तो न घेता परत माझ्या हातात देई. एकदा साडेचारपर्यंत बसवून ठेवून 'उद्या या' म्हणाले, तेव्हा मी रजा टाकून आलो होतो. अर्ज नाकारायचा असेल तर तसे कारणासह लिहून देणे हे कार्यालयाचे काम आहे, आणि जे कार्यालय लिहून काहीच देत नाही ते माणसाला पुढे दादही मागू देत नाही. आज इतक्या वर्षांनीही त्या बाकड्याची आठवण आली की मला संताप येतो.

तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपली, त्यामुळे गाडी रस्त्यावर काढता येईना. सोसायटीत जागा नव्हती म्हणून क्रेनवाल्याकडून ती तुर्भ्याच्या एका यार्डात नेऊन ठेवली, महिना 3500 रुपये भाड्याने. चौदा महिन्यांचे 49,000 रुपये झाले. मधल्या पावसाळ्यात ताडपत्री फाटून केबिनची जमीन गंजली, चाकांचे ब्रेक दाबणारे चारही व्हील सिलिंडर जाम झाले आणि वडिलांना पहिल्या फेरीला न्यायचे ते राहूनच गेले. ते त्या वर्षी गेले.

सुटका झाली ती माहितीच्या अधिकारामुळे. 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून मी विक्रेत्या विभागाकडे या गाडीच्या लॉगबुकातील इंजिन बदलाच्या नोंदीची प्रमाणित प्रत मागितली. कायद्याने उत्तरासाठी 30 दिवस दिलेले आहेत आणि प्रत त्या मुदतीतच आली. निळ्या शाईतली एक ओळ, तिच्यात जुना क्रमांक, नवा क्रमांक आणि बदलाची तारीख. ती प्रत अर्जाला जोडली, अर्ज नोंदणी डाकेने पाठवला आणि पोचपावती हातात ठेवून मगच भेटायला गेलो. 2016 च्या जानेवारीत नोंदणी झाली. माहितीच्या अधिकारातला अर्ज पहिल्याच महिन्यात करायला हवा होता. मी तोंडी आश्वासनांवर विसंबून राहिलो.

आता आपण काय करावे ते सांगतो. डिलिव्हरीला जाताना रॉकेल, तारेचा ब्रश, चिंध्या, टॉर्च, मऊ शिसाची पेन्सिल आणि पातळ कागद सोबत न्या. आपल्या इंजिनावर क्रमांक ब्लॉकच्या कोणत्या बाजूला कोरलेला असतो ते टाटाच्या जुन्या मेकॅनिकला आधीच विचारून ठेवा. चॅसिसचा क्रमांक सहसा पुढच्या चाकाजवळ सांगाड्याच्या उजव्या तुळईवर असतो आणि त्यावर हिरव्या रंगाचे थरावर थर बसलेले असतात. रंग ब्रशनेच हळूहळू काढा. ग्राइंडर किंवा स्क्रू-ड्रायव्हर मुळीच लावू नका, कारण ओरखडा उठला की क्रमांकाशी छेडछाड झाल्याचा संशय येतो आणि तो निस्तरणे इंजिन बदलाहूनही अवघड आहे. मग क्रमांकावर कागद घट्ट धरून पेन्सिल घासून ठसा घ्या. रंगाखाली 3 आणि 8 सारखेच दिसतात, ठशात ते वेगळे कळतात. नोंदणीच्या नमुना 20 साठी चॅसिसचा ठसा लागतोच, म्हणून तीन-चार जास्तीचे घेऊन ठेवा. प्रमाणपत्र, डॅशबोर्डवरची पट्टी आणि ठसा हे तिन्ही जुळेपर्यंत सही करू नका, मग त्या दिवशी गाडी न घेता परत यावे लागले तरी चालेल.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 47 प्रमाणे माजी लष्करी गाडीसाठी संबंधित अधिकाऱ्यांचे नमुना 21 मधील मूळ विक्री प्रमाणपत्र लागते, झेरॉक्स चालत नाही. नोंदणीचा अर्ज गाडी ताब्यात घेतल्यापासून, प्रवासाचे दिवस वगळून, सात दिवसांत करायचा असतो. गाडी रस्त्याने आणायची तर तात्पुरती नोंदणी आणि विमा फाटकाबाहेर पडण्याआधीच हवेत. विम्याच्या पत्रावरही ब्लॉकवरचाच इंजिन क्रमांक घाला, नाही तर अपघात झाल्यास दावा अडकेल. आणखी एक गोष्ट माझ्या वेळी नव्हती: 1 एप्रिल 2023 पासून सरकारी मालकीच्या 15 वर्षांहून जुन्या गाड्यांची नोंदणी संपते आणि त्या नोंदणीकृत भंगार केंद्रातच मोडीत काढायच्या असतात, त्यातून संरक्षणाच्या मोहिमांसाठी लागणाऱ्या चिलखती आणि इतर विशेष गाड्या वगळल्या आहेत. आपल्या ट्रकचे वर्ष कोणते, आणि विक्रीच्या अटींत तो रस्त्यासाठी विकला आहे की मोडीसाठी, हे वाहतुकीचा एक रुपयाही खर्च करण्याआधी लेखी विचारून घ्या. मी वकील नाही आणि एजंटही नाही. नियम बदलत असतात, म्हणून माझ्या शब्दावर न जाता आपल्या परिवहन कार्यालयात खात्री करून घ्या.

नोंदणी करून देणाऱ्या एजंटांविषयी माझे मत स्पष्ट आहे. क्रमांक जुळत असतील तर एजंटाची गरज नाही, आणि जुळत नसतील तर तो जे मार्ग सुचवेल त्या मार्गाने आपण जाऊ नये.

रस्त्याविषयी थोडेसे. मला विचाराल तर पहिली फेरी ट्रेलरवरून करावी, कारण वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे ब्रेक घाटात तपासणे मला पटत नाही. चालवतच आणायची असेल तर ब्रेक ऑइल पूर्ण बदला आणि व्हील सिलिंडरचे रबर नवे टाका. हवेचे ब्रेक असतील तर इंजिन बंद करून दाब किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून पाहा. आधी डेपोजवळच्या सपाट रस्त्यावर दहा किलोमीटर फिरवा आणि प्रत्येक चाकाच्या मध्याजवळ (हबजवळ) हाताची मागची बाजू नेऊन पाहा. एखादे चाक इतरांहून जास्त तापले असेल तर त्याचा ब्रेक सुटत नाही असे समजा. खंडाळ्याहून खाली येताना, विशेषतः शिंग्रोबाच्या देवळापासून खोपोलीपर्यंत, गाडी खालच्या गिअरमध्येच उतरवा आणि ब्रेकवर पाय ठेवून राहू नका. डांबरी रस्त्यावर फोर-व्हील ड्राइव्ह लावू नका, कारण कोरड्या रस्त्यावर पुढची आणि मागची चाके एकमेकांशी झगडतात आणि ताण गिअरबॉक्सवर येतो.

टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. 1412 म्हणजे 2012 चा चौदावा आठवडा. नक्षी कोरी दिसली तरी दहा वर्षांचा टायर घाटात वापरू नका. रिमला लॉक रिंग, म्हणजे टायर अडकवणारे सुटे लोखंडी कडे असेल तर हवा भरताना समोर कोणालाही उभे राहू देऊ नका, ती सुटली तर माणूस दगावतो. दिव्यांचा लष्करी स्विचही नीट समजून घ्या. माझ्या गाडीत तो ताफ्याच्या खुणेवर असला की मागच्या आसाच्या डिफरन्शियलवरचा छोटा दिवा तेवढा लागत असे आणि ब्रेकचे लाल दिवे लागतच नसत. हे मला लोणावळ्यात मागच्या टेम्पोवाल्याने सांगितले तेव्हा कळले.

ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कोणालाही लावता येत नाही, केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 121 पाहा. रंग बदलण्याचे काम तपासणीच्या आधी करा, मात्र चॅसिस क्रमांकाची जागा टेप लावून झाकायला रंगाऱ्याला बजावून सांगा. गाडीचे एकूण वजन 7500 किलोच्या वर असेल तर हलक्या वाहनाचा परवाना चालणार नाही. कळंबोलीहून शिळफाटा आणि मुंब्रा बायपासमार्गे येणार असाल तर ठाणे शहरात अवजड वाहनांना ठरावीक वेळांतच प्रवेश असतो, त्या वेळा आदल्या दिवशी वाहतूक पोलिसांकडून विचारून घ्या आणि वेळ चुकली तर कळंबोलीतच थांबा.

ठसा घेतल्यावर क्रमांक जुळला नाही तर मला निरोप पाठवा. लॉगबुकाची प्रत मागणारा माझा 2015 चा अर्ज अजून जपून ठेवलेला आहे, त्यातली नावे आणि क्रमांक काढून मी तो आपल्याला देईन.