वाचून झाल्यावर काही विचारू नकोस

प्रिय पोरी,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला तेव्हा मी जागीच होते, पण दोन ओळीत सांगण्यासारखं नव्हतं म्हणून तेव्हा गप्प बसले. मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत, इंग्लिश मिडियम. रोज झोपताना एक पान मोठ्याने वाचायला लावतेस, काल 'आश्चर्य' शब्दावर अडला, तीनदा सांगितलंस, चौथ्यांदा ओरडलीस आणि तो रडत झोपला. आता मला विचारतेस की बाई, ॲप घेऊ का क्लास लावू.

दोन्ही नको. तू वाच आणि त्याला ऐकू दे. आणि वाचून झाल्यावर काहीही विचारू नकोस.

वाचन कसं चांगलं असतं ते तुला सांगत बसत नाही. गणिताच्या तासाला मांडीवर गोष्टीचं पुस्तक ठेवून वाचायचीस, मला दिसायचं, मी बोलायचे नाही. तेवढी एक गोष्ट माझ्या हातून बरोबर झाली.

'आश्चर्य' तुला सोपा वाटतो गं. त्याच्या बाजूने बघ. आधी आ, मग श आणि च चिकटलेले, मग य च्या डोक्यावर रफार, जो दिसतो य वर पण म्हणायचा य च्या आधी. एवढं फोडेपर्यंत वाक्य सुरू कुठून झालं होतं तेच विसरायला होतं, मग गोष्टीतली गंमत कुठून येणार? तेच वाक्य तू वाचलंस की त्याला लगेच कळतं, कारण सहा वर्षांचं पोर डोळ्यांनी जेवढं वाचू शकतं त्याच्या कितीतरी पुढचं कानांनी समजतं. अक्षरओळख शाळा करून घेईल, थोडी उशिरा का होईना. गोष्ट आवडायचं वय मात्र आत्ता आहे, आणि झोपायच्या वेळी तू त्याची परीक्षा घेतेस.

मी हे अधिकाराने बोलतेय ते बत्तीस वर्षं शिकवलं म्हणून नाही. माझ्या मुलासाठी मी एक वही केली होती, शंभर पानी, पट्टीने रकाने आखलेली. पुस्तकाचं नाव, लेखक, आवडलेलं पात्र, तात्पर्य. तालुक्याच्या वाचनालयातून शनिवारी तीन पुस्तकं आणायची, पुढच्या शनिवारपर्यंत तीन ओळी भरलेल्या हव्यात. त्याआधी तो पोरगा पलंगाखाली बॅटरी घेऊन वाचायचा, चांदोबातल्या विक्रम-वेताळासाठी दारात उभा राहायचा. वही सुरू झाली आणि सहा महिन्यांत एकदा बघितलं तर तिन्ही पुस्तकांसमोर एकच तात्पर्य, 'नेहमी खरे बोलावे'. मी त्याला खोटारडा म्हटलं. नऊ वर्षांचा होता. पुढच्या शनिवारी वाचनालयात यायला पोट दुखतं म्हणाला, मग त्याचं पोट दर शनिवारीच दुखायला लागलं. आज तो छत्तिशीत आहे, घरात कपाटभर पुस्तकं आहेत, सगळी माझी.

तेव्हा आम्हाला शिकवलंच तसं होतं, ट्रेनिंगमध्ये, तपासणीला. धडा संपला की प्रश्न, कविता संपली की भावार्थ. वर्गात चोपन्न पोरं, घरी सासूबाईंचं आजारपण, मला वाटायचं निदान याच्या वाचनाकडे तरी मी नीट लक्ष देतेय. वाईट आई नव्हते मी. पण लक्ष देणं आणि राखण करणं यात फरक असतो, तो मला फार उशिरा कळला. म्हणून तुला आधीच सांगतेय, विचारू नकोस. 'काय शिकलास?' नाही, 'ससा कोणत्या रंगाचा होता?' नाही, आजीसमोर 'सांग बरं गोष्ट' हे तर अजिबातच नाही. त्याला बोलायचं असेल तर तो आपणहून बोलेल, अगदी दोन दिवसांनी, भात खाताना.

वेळ नाही म्हणू नकोस मला. पंधरा मिनिटं आहेत, तुलाही माहितीये ती कुठे जातात. तू दमलेली असशील त्या दिवशी जावईबापूंनी वाचावं, बाबाचा आवाज पोरांना वेगळा लागतो. सासूबाईंना वाचायचा कंटाळा असेल तर त्यांनी तोंडी सांगावी, तीही गोष्टच आहे. आणि 'आधी दहा पानं वाच मग मोबाईल देते' हे आजपासून बंद. त्याने पुस्तक म्हणजे मोबाईलचा टोलनाका होऊन बसतो.

इंग्लिश का मराठी म्हणून विचारलंस. ज्या भाषेत तुम्ही घरात भांडता त्या भाषेत आधी. शाळेतलं इंग्लिश त्याच्या आड येणार नाही. काय वाचायचं? माधुरी पुरंदरेंची बघ, चित्रंही त्यांचीच असतात, आणि त्यात घर, शेजार, आजी-आजोबा असं रोजचंच असतं, उपदेश नाही. बालभारतीचं किशोर लाव, १९७१ पासून निघतंय, जुने अंक त्यांनी ऑनलाइन फुकट ठेवलेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवरही मराठी गोष्टी फुकट आहेत, पण त्या आधी तू एकटीने बघ, आवडेल ती प्रिंट काढून आण, फोन त्याच्या हातात नको. मे महिन्यात महाबळेश्वरला जाणारच आहात तर वाटेत भिलारला उतरा, पुस्तकांचं गाव. लोकांच्या घरांत पुस्तकं ठेवलीत, कुठेही बसून वाचायची. पण तिथे नेऊन त्याला 'घे, वाच' म्हणू नकोस हं. तू एक उचल, पायरीवर बस आणि वाच. तो येऊन टेकतो का खेळत राहतो ते त्याचं तो बघेल.

एकच पुस्तक वीसदा आणलं तर वीसदा वाच. तुला कंटाळा येईल, येऊ दे. पुढचा शब्द त्याला पाठ झालेला असतो आणि तुझ्याआधी म्हणायचा असतो, त्यासाठीच ते असतं.

एक पुस्तक पाठवतेय, पत्ता कळव. माझ्याच मुलाचं, वहीच्या आधीचं. मधलं एक पान फाटलंय, माकड नदीत पडल्यावर पुढे काय होतं ते गेलंय. तिथे आल्यावर त्यालाच विचार काय झालं असेल ते. नाही, नको, विचारू नकोस. तूच काहीतरी रचून सांग आणि पान उलट.

तुझी,
बाई