ई-कॅडहेरिन कमी दिसलं म्हणून लगेच हुरळू नकोस

खारघरला ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्रात, रुजू होतेयस आणि विषय मोठ्या आतड्याचा कॅन्सर, तर आधी एसडब्ल्यू-४८० आणि एसडब्ल्यू-६२० या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या पेशी मिळव. दोन्ही एकाच रुग्णाच्या: पहिल्या मूळ गाठीतल्या, दुसऱ्या लसिकाग्रंथीत पसरलेल्या. तुलनेला सोयीच्या.

पेशींमधले सांधे म्हणजे नुसता चिकटपणा नव्हे. शेजारच्या पेशींना एकमेकींशी जोडणारं प्रथिन ई-कॅडहेरिन आतून बीटा-कॅटेनिन या प्रथिनाला धरतं, आणि तिथून अल्फा-कॅटेनिनमार्फत ॲक्टिनच्या, म्हणजे पेशीच्या आतल्या सांगाड्याच्या, धाग्यांशी जोडणी होते. याच बीटा-कॅटेनिनचा दुसरा उद्योग केंद्रकात, जनुकं चालू करण्याचा. त्याला आवर घालणारं एपीसी हे जनुक या कॅन्सरच्या बहुतेक गाठींत बिघडलेलं असतं. मात्र ‘सांधा तुटला की पेशी पळाली’ हे चित्र फार ताणू नकोस. पुष्कळदा पेशी सांधे शाबूत ठेवून घोळक्याने सरकतात.

आता हाताचं काम. ताटलीला चिकटलेल्या पेशी ट्रिप्सिन-ईडीटीएने (प्रथिनं छाटणारं एन्झाइम आणि कॅल्शियम धरून ठेवणारं रसायन) सोडवल्यास तर ईडीटीए कॅल्शियम ओढून घेतं आणि उघड्या पडलेल्या कॅडहेरिनचा पेशीबाहेरचा भाग ट्रिप्सिन छाटतं. मग फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे एकेका पेशीवरचं प्रथिन मोजणाऱ्या चाचणीत, ते कमी दिसणारच! गाइडला दाखवायच्या आधी एन्झाइमविना सोडवून पुन्हा मोज. आणि फॅलॉइडिनने (ॲक्टिनच्या धाग्यांना चिकटणारा पदार्थ) ॲक्टिन रंगवायचं असेल तर पेशी मिथेनॉलने फिक्स करू नकोस, म्हणजे आहेत तशा टिकवू नकोस; धागे विस्कटतात. पॅराफॉर्मल्डिहाइड घे, तेही ताजं.