फोटो केक : घरच्या प्रिंटरवर छापताना

या महिन्याच्या टपालात केकवर खाण्याजोगी चित्रे छापण्याबद्दल बरीच पत्रे आहेत. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न : मुलाच्या कॉलेजच्या कामासाठी घेतलेला इंकजेट प्रिंटर पडून आहे. टाक्या धुऊन त्यात खाद्य शाई भरली तर चालेल का? (पुणे)

चालणार नाही. टाकी धुता येते, पण तिच्यापुढच्या नळ्या, शाई फवारणाऱ्या हेडमधल्या केसाएवढ्या वाटा आणि हेड पुसणारे रबर यांत जुनी शाई मुरलेली असते. ती पूर्ण निघत नाही. नेहमीच्या शाईच्या बाटलीवर ‘नॉन-टॉक्सिक’ छापलेले असते, त्याचा अर्थ हाताला लागली तर अपाय नाही एवढाच. खायला योग्य, असा नव्हे.

प्रिंटर नवाच घ्या आणि सोबत आलेल्या शाईच्या बाटल्यांचे सील फोडूच नका. काही यंत्रे कारखान्यात छापून तपासलेली असतात, म्हणून खाद्य शाई भरल्यावर चारही रंगांची आठ-दहा पाने साध्या कागदावर काढून फेकून द्या. त्यानंतर रोलर कोरड्या स्वच्छ कापडाने पुसा आणि प्रिंटरवर ‘फक्त केकसाठी’ अशी पट्टी चिकटवा. घरात कुणाला तरी एक दिवस आधार कार्डाची झेरॉक्स हवीच असते.

प्रश्न : एप्सन घ्यावा की कॅनन? लेझर चालेल का? (नाशिक)

लेझर नाही. त्याचा टोनर म्हणजे उष्णतेने वितळवून चिकटवलेली प्लॅस्टिकची पूड.

इंकजेटमध्ये कंपनीच्या आधी कागदाची वाट पाहा. कागद मागून उभा घालता येईल असाच प्रिंटर हवा. पुढच्या खालच्या ट्रेमधून कागद घेणाऱ्या प्रिंटरमध्ये तो आत उलटा वळतो. त्या वळणावर वेफर पेपर (स्टार्चचा खाण्याजोगा कागद) तडकतो आणि शुगर शीट (प्लॅस्टिकवरचा साखरेचा थर) प्लॅस्टिकपासून सुटून रोलरला गुंडाळते. मागून कागद घेणारे, शाईच्या टाकीचे प्रिंटर कॅननच्या जी मालिकेत आणि एप्सनच्या एल मालिकेत मिळतात. कॅननच्या बऱ्याच जी मॉडेलमध्ये हेड कार्ट्रिजसारखे बाहेर निघते आणि घरी बदलता येते. एप्सनचे हेड आत पक्के बसवलेले असते, ते बदलायचे तर मेकॅनिक लागतो. रोज छपाई असेल तर दोन्ही ठीक. आठवड्याला दोन-तीनच केक असतील तर आमचे मत कॅननच्या बाजूने, कारण हेड कधीतरी तुंबणारच. वॉरंटीवर मात्र पाणी सोडूनच या कामात उतरावे लागते.

प्रश्न : वेफर पेपर आणि शुगर शीट यांत काय फरक? प्रिंटरचे सेटिंग काय ठेवायचे? (लातूर)

वेफर पेपर बटाट्याच्या स्टार्चचा, स्वस्त, किंचित पारदर्शक आणि चवीला जवळपास फिका. त्याच्या गुळगुळीत बाजूवर छापा. सेटिंग ‘प्लेन पेपर’ आणि ‘स्टँडर्ड’ ठेवा, जास्त शाई पडली की तो लाटांसारखा उठतो. शुगर शीट म्हणजे साखर, स्टार्च आणि डिंकासारखे घटक यांचा प्लॅस्टिकवर पसरलेला पातळ थर. तिला ‘मॅट फोटो पेपर’ आणि ‘हाय’ द्या. शीट एकेकच घाला, छापायच्या क्षणी पाकिटातून काढा आणि पाकीट लगेच बंद करा. ‘बॉर्डरलेस’ बंद ठेवा, नाहीतर कडेबाहेर उडालेली शाई आत साचून पुढच्या शीटच्या पाठीला लागते.

‘फिट टू पेज’ही बंद करा. तसे न केल्यास सहा इंची चित्र पानभर फुगते. ए-४ ची रुंदी २१ सेंमी, म्हणजे आठ इंची गोल (२०.३ सेंमी) जेमतेम मावतो. चित्र केकपेक्षा एक इंच लहान ठेवून कडेने क्रीमची बॉर्डर काढलेली बरी. सहा इंचाला ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, १८०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो दाबला जातो, म्हणून गिऱ्हाइकाला तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

प्रश्न : पावसाळ्यात शुगर शीट प्लॅस्टिकपासून सुटत नाही. सुटली तरी व्हिप क्रीमवर लावून फ्रिजमध्ये ठेवल्यावर रंग ओघळतात. काळ्या केसांचा रंग तर कपाळावर उतरतो! (रत्नागिरी)

दोन्हींचे कारण ओल. शीटमधली साखर हवेतले पाणी ओढून घेते, शीट मऊ होते आणि प्लॅस्टिकला धरून बसते. खाद्य शाईचे रंग पाण्यात विरघळणारे असतात, त्यामुळे शीट जिथे भिजेल तिथे रंग चालू लागतो. काळ्या आणि गडद भागात शाई सर्वात जास्त असते, म्हणून सुरुवात केसांपासून. मागची भिंत गडद असेल तर ती फोटोतून काढून फिकी करा.

छापल्यावर एरवी अर्धा तास पुरतो. कोकणातल्या जुलैत पंख्याखाली किंवा एसीत दोन-तीन तास द्या. ऊन नको, रंग उडतात. सोडवताना चित्र ओढू नका. शीट टेबलाच्या कडेवर ठेवा, प्लॅस्टिक खालच्या दिशेला वाकवत ओढा आणि चित्र सपाटच पुढे सरकू द्या. तरी चिकटली तर झिपच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये एक-दोन मिनिटे ठेवा आणि काढल्या काढल्या सोडवा. पाच मिनिटे रेंगाळलात तर दव धरून ती आधीपेक्षा घट्ट बसेल. उलट कडा मोडू लागल्या तर शीट जास्त वाळली आहे. मग ती थोडा वेळ उघड्या हवेत ठेवली की लवचीक होते.

क्रीमवर चित्र डिलिव्हरीच्या तास-दोन तास आधीच लावा, आदल्या रात्री नाही. मधून बाहेर हात फिरवत लावले तर हवेचे फुगे राहत नाहीत. केक फ्रिजमध्ये ठेवायचाच असेल तर बंद खोक्यात. बाहेर काढल्यावर अर्धा-पाऊण तास खोके उघडू नका, म्हणजे दव खोक्यावर धरते, चित्रावर नाही. जन्मदिवसाच्या घरी नेमके उलटे होते, केक आला की सगळ्यांना आधी बघायचा असतो. म्हणून चिठ्ठी चिकटवा.

याहून खात्रीचा मार्ग म्हणजे चित्र क्रीमवर थेट न लावणे. फाँडंट (लाटता येणारा साखरेचा गोळा) २-३ मिमी जाड लाटा, ओल्या ब्रशचा नुसता हात फिरवून चित्र त्यावर चिकटवा, कापून वाळवा आणि ही चकती शेवटी केकवर ठेवा. पांढऱ्या कंपाउंड चॉकलेटची चकतीही चालते. वेफर पेपर मात्र व्हिप क्रीमवर तसाच टाकू नका. खालची बाजू पाणी पिऊन फुगते, वरची कोरडी राहते आणि कागद वळतो. वापरायचाच असेल तर पाठीला न्यूट्रल जेलचा (केकवर लावायच्या बिनरंगी जेलीचा) अगदी पातळ हात द्या.

प्रश्न : चित्रात आडव्या पांढऱ्या रेघा येतात. प्रिंटर आठवड्यातून एकदाच वापरते. (कोल्हापूर)

शीटला ओल मारते, तर हेडला कोरडेपणा. खाद्य शाई छिद्रांत लवकर घट्ट होते. दर दोन-तीन दिवसांनी चारही रंगांची एक पट्टी साध्या कागदावर छापा. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करा. भिंतीवरचे बटण दाबले तर हेड टोपीवर जाऊन बसत नाही आणि उघडेच वाळते. रेघा आल्यावर ‘नोझल चेक’ (छिद्रे तपासायचे नमुनापान) काढा, मग ‘हेड क्लीनिंग’ दोनदा, फार तर तीनदा. नाही सुधारले तर सहा-आठ तास थांबा. प्रत्येक क्लीनिंगमध्ये शाई वाया जाऊन आतल्या स्पंजमध्ये साचते. कॅननचे निघणारे हेड कोमट डिस्टिल्ड पाण्याने भिजवलेल्या टिश्यूवर छिद्रे खाली करून पाच-दहा मिनिटे टेकवा. तांब्याचे संपर्कबिंदू ओले होऊ देऊ नका. टाकी रिकामी असताना छापत राहू नका. कॅननचे हेड शाई तापवून थेंब फेकते, शाईच नसेल तर ते जळते.

प्रश्न : चेहरे लालसर येतात आणि काळा रंग हिरवट. (डोंबिवली)

ड्रायव्हर, म्हणजे संगणकातला प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम, प्रिंटर कंपनीची शाई गृहीत धरून रंग मिसळतो. शाईवाल्याकडून त्याच्या शाईची आयसीसी प्रोफाइल (रंग जुळवून देणारी फाइल) मागा. नसेल तर मॅजेंटा थोडा कमी आणि ब्राइटनेस थोडा जास्त ठेवून एकाच शीटवर त्याच चेहऱ्याचे चार सेंमीचे पाच नमुने छापा, प्रत्येकाखाली त्याच्या सेटिंगचे आकडे लिहा. काळी खाद्य शाई सहसा अनेक रंगांचे मिश्रण असते, थोडी झाक राहणारच. पांढरी शाई प्रिंटरमध्ये नसते. पांढरे दिसते ते शीटचे, म्हणून चॉकलेटच्या थरावर वेफर पेपर मळका दिसतो. खाली पांढरा थर द्या.

प्रश्न : शाई शाकाहारी आहे हे कसे ओळखायचे? विकण्यासाठी काय लागते? (मडगाव)

बाटलीवर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक, बॅच, मुदत, हिरवे चिन्ह आणि रंगांची नावे हवीत. त्यांतले काहीही नसेल तर घेऊ नका. केक विकत असाल तर तुमची स्वतःची एफएसएसएआय नोंदणीही लागते. लाल रंगाचे नाव अक्षर लावून वाचा : कार्माइन, म्हणजे ई १२०, किड्यांपासून बनतो. कार्मोइसिन, ई १२२, हा कृत्रिम रंग आहे आणि भारतात त्याला परवानगी आहे.