घर सजवण्यासाठी जुन्या पेट्या आणि डबे पुण्यात कुठे मिळतील? खरी जुनी वस्तू कशी ओळखायची?

तुम्ही विचारलंय की कोथरूडच्या नव्या फ्लॅटमध्ये दिवाणखान्यात दोन-तीन जुन्या, शोभेच्या पेट्या ठेवायच्या आहेत. त्या कुठे घ्याव्यात, खऱ्या कशा ओळखाव्यात आणि त्यातली एक अमेरिकेतल्या बहिणीला भेट म्हणून पाठवता येईल का.

सगळ्यात आधी, ‘शोभेची पेटी’ असं मनात धरून बाजारात जाऊ नका. आपल्या घरांमध्ये नुसत्या शोभेसाठी पेटी क्वचितच केली जायची. दागिन्यांची, पानाची, कुंकवाची, अत्तराची, कागदपत्रांची अशी प्रत्येकीची कामं ठरलेली होती आणि घडण त्या कामातून यायची. समोरची पेटी कशासाठी केली होती हे तुम्हाला ओळखता आलं, की ती खरी आहे का, तिला किती पैसे द्यावेत आणि घरात कुठे ठेवावी हे ठरवणं खूप सोपं जातं.

फणेरपेटीचंच बघा. माझ्या मते दिवाणखान्यात ठेवायला हिच्याइतकी देखणी मराठी वस्तू दुसरी नाही. लाकडाची, बहुतेक सागवानी किंवा शिसवी, बसक्या आकाराची पेटी. झाकण उघडलं की आतल्या बाजूला आरसा असतो. खाली लहान-मोठे कप्पे: फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, काजळाची डबी. बायका आधी कपाळाला मेण लावायच्या आणि त्यावर कोरडं कुंकू टेकवायच्या. ते कुंकू रोज थोडं थोडं सांडायचं आणि वर्षानुवर्षं कप्प्यांच्या कोपऱ्यांत, लाकडाच्या रेषांमध्ये मुरायचं. खऱ्या वापरलेल्या पेटीत हा लाल रंग कोपऱ्यांत खोलवर दिसतो आणि मधल्या भागात, जिथे बोटं फिरली तिथे, लाकूड गुळगुळीत व काळपट झालेलं असतं. नवी पेटी जुनी म्हणून विकणारे बाहेरून पॉलिश काढतात, डाग पाडतात, पण आत सगळीकडे एकसारखा तपकिरी रंग फिरवलेला असतो. बिजागऱ्याही बघा. झाकण रोज उघडलं-मिटलं असेल तर त्यांच्या खालचं लाकूड थोडं दबलेलं असतं. कुठे स्टार स्क्रू (डोक्यावर फुलीसारखी खाच असलेला) दिसला तर तो १९३० च्या दशकानंतरचाच, त्याआधी तसे स्क्रू बाजारात नव्हते. एखादा असेल तर दुरुस्ती झाली असेल. सगळेच तसे असतील तर ‘आजोबांच्या आजोबांची’ वगैरे गोष्ट शांतपणे ऐका आणि पुढच्या दुकानात जा.

दागिन्यांच्या पेटीत चोरकप्पा असण्याची शक्यता असते. बाहेरून उंची मोजा, मग आतून खोली मोजा. तळाच्या जाडीपेक्षा फार मोठा फरक आला तर खाली काहीतरी आहे. विकणाऱ्यालाही कधीकधी हे माहीत नसतं.

पितळेच्या पानाच्या डब्यात वरच्या ताटलीत चुना, काथ, सुपारी, लवंग-वेलदोडे यांच्या वाट्या असतात आणि खाली पानांची जागा. चुन्याच्या वाटीच्या कडेला पांढरा थर आणि काथाच्या वाटीत तपकिरी डाग सापडले तर डबा नांदलेला आहे. हळदीकुंकवाची कोयरी आणि पंचपाळं यांच्या नव्या ओतीव नकला भरपूर निघाल्या आहेत. त्या वाईट नाहीत, पण नव्या वस्तूला जुनीची किंमत देऊ नका. नव्या ओतकामात नक्षीच्या कडा बोथट आणि खाचांमध्ये काळा रंग भरलेला दिसतो. जुन्यात उंचवटे हात लागून झिजलेले असतात. खिशात एक लहान चुंबक ठेवा. पितळेला आणि तांब्याला तो चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा.

डबा उलटा करून नाव शोधा. भांड्यांवर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालून घ्यायची आपली जुनी पद्धत, आणि पुष्कळदा नावाबरोबर सालही असतं. ते शके असेल तर ७८ मिळवा: शके १८५२ म्हणजे इसवी सन १९३०. (शक वर्षाच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत ७९.) मला स्वतःला असा नाव असलेला डबा बिननावाच्या, जास्त नक्षीदार डब्यापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो. दुकानदार बऱ्याचदा नाव घासून टाकतात. तसं दिसलं तर मला फार वाईट वाटतं.

आता कुठे बघायचं. विकत घेण्याआधी शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघून या. दिनकर केळकरांनी आयुष्यभर हिंडून जमवलेल्या सुमारे २०,००० वस्तू त्यांनी १९७५ मध्ये राज्य सरकारकडे सोपवल्या. अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्र्या, दौती अशा रोजच्या वापराच्या वस्तूंवर किती मेहनत घेतली जायची हे तिथे दिसतं. एक दुपार तिथे घालवलीत की बाजारातली हलकी वस्तू लगेच डोळ्यांना खटकायला लागेल. मग मंगळवार पेठेच्या बाजूचा जुना बाजार. तो रविवारी आणि बुधवारी भरतो. सकाळी लवकर जा, टॉर्च न्या, प्रत्येक पेटी उघडून आतून बघा. भाव करावाच लागतो. आणि खरं सांगायचं तर त्याच्याही आधी नातेवाइकांकडे माळ्यावर काय पडलंय ते विचारा. पेठांमधले वाडे पाडले जात आहेत आणि त्यांच्याबरोबर असे डबे मोडीत, वजनावर जात आहेत. तुमच्या मावशीकडचा एक डबा वाचला तरी खूप झालं.

लाकडी पेटीला लहान गोल भोकं दिसली तर ती काळ्या कागदावर काही दिवस ठेवा. कागदावर ताजा भुसा पडला तर कीड जिवंत आहे, ती पेटी घरात घेऊ नका, बाकीच्या फर्निचरलाही लागेल. पितळेला चिंच किंवा लिंबू लावून लख्ख करू नका. आंबटामुळे पितळेतलं जस्त निघून जातं आणि पृष्ठभागावर तांब्याची गुलाबी झाक उरते. कोमट रिठ्याचं पाणी, मऊ फडकं आणि लगेच कोरडं पुसणं एवढं पुरतं. बिदरीची (काळ्या धातूवर चांदीची नक्षी जडवलेली) डबी मिळाली तर तिला पॉलिश अजिबात लावू नका, काळा रंग उतरेल. ठेचलेली किंवा सांध्याचा डाक सुटलेली तांब्या-पितळेची वस्तू कसब्यातल्या तांबट आळीत दाखवा. रंगवलेल्या जुन्या पत्र्याच्या डब्यात खाण्याचं काही ठेवू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीला टेकवून लाकडी पेटी ठेवू नका, आणि पश्चिमेचं ऊन थेट येणाऱ्या खिडकीतही नको. एका कपाटात सगळ्या मांडण्यापेक्षा फणेरपेटी दाराजवळ, किल्ल्या आणि टिकल्यांसाठी वापरात ठेवा.

आता बहिणीचं. १०० वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावशेष ठरते आणि १९७२ च्या कायद्यानुसार ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, भेट म्हणूनही नाही. वस्तू तेवढी जुनी नसेल पण दिसायला तशी असेल, तर पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. नाहीतर कस्टम्सकडे अडकू शकते. हस्तिदंत जडवलेली पेटी तर कुणी कितीही स्वस्त दिली तरी घेऊ नका. वन्यजीव कायद्यातल्या १९८६ आणि १९९१ च्या दुरुस्त्यांनंतर हस्तिदंताची खरेदी-विक्री पूर्ण बंद आहे. मुंबई-सुरतेकडच्या, बारीक जडावाच्या जुन्या चंदनी पेट्यांत हस्तिदंताचे तुकडे असतात, तिथे विशेष जपा.

म्हणून बहिणीसाठी नवीनच वस्तू घ्या. सावंतवाडीच्या राजवाड्यात अजून हाताने रंगवलेलं लाखकाम होतं, तिथला गंजिफाचा (जुन्या पद्धतीच्या गोल पत्त्यांचा) संच चित्रं काढलेल्या लाकडी पेटीतच येतो. किंवा तांबट आळीतून मठारकाम केलेला, म्हणजे हातोडीने ठोके देऊन घडवलेला तांब्याचा डबा करून घ्या आणि त्यावर तिचं नाव घालून घ्या. बिल मात्र मागून घ्या आणि पार्सलमध्ये एक प्रत टाका.