केनियातल्या मंडळीला मदत पाठवण्याआधी

प्रिय धाकट्या बंधूस,
ख्रिस्तात सलाम.

तुझ्या मंडळीला पश्चिम केनियातल्या सियाया काउंटीमधल्या एका पाळकाचं पत्र आलं आहे. चोवीस अनाथ मुलं, छताविना उभ्या प्रार्थनामंदिराच्या भिंती आणि 'अनाथालय बांधून द्या' ही विनंती. फोटो पाहून मंडळीतल्या आया रडल्या, पंचांनी खास अर्पण गोळा करायचं ठरवलं आणि आता तू विचारतोस, किती खोल्या बांधाव्यात. एकही बांधू नकोस. मुलांना मदत जरूर कर, पण त्यांच्या घरी.

आधी चोवीस नावांची यादी मागव. प्रत्येक नावापुढे चार गोष्टी हव्यात: आई आहे का, बाप आहे का, आत्ता मूल कोणाकडे झोपतं, आणि शाळेचा प्रवेश क्रमांक. अनाथांची जागतिक आकडेवारी मोजताना आई किंवा बाप यांपैकी एक गेलेलं मूलही अनाथ धरतात, त्यामुळे 'अनाथ' म्हटलेल्या मुलांपैकी बहुतेकांना कोणीतरी असतंच. त्या भागात ते कोणीतरी म्हणजे बहुधा आजी. एचआयव्हीने मधली पिढी नेली आणि म्हातारीच्या पदरात नातवंडं आली. (स्वाहिलीत आजी आणि टोमॅटो दोघांनाही 'न्यान्या' म्हणतात, तेव्हा दुभाष्याशी बोलताना जपून.) याकोबाच्या पत्रातलं वचन आपण दरवेळी अनाथांपाशी तोडतो. पहिल्या अध्यायाच्या २७व्या वचनात अनाथ आणि विधवा एका दमात आले आहेत. विधवेला गावात ठेवून पोराला वसतिगृहात नेणं हा त्या वचनाचा अर्थ होऊच शकत नाही.

कायदाही आता त्याच बाजूला आहे. केनिया सरकारने नोव्हेंबर २०१७मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली. २०२२च्या बालक कायद्यात नातेवाइकांकडच्या संगोपनाला स्पष्ट जागा आहे, आणि मुलांना संस्थांतून कुटुंबात परत नेण्याचं राष्ट्रीय धोरण २०२२ ते २०३२ अशा दहा वर्षांसाठी आखलेलं आहे. म्हणजे तू दिलेल्या पैशातून उभी राहिलेली इमारत उद्या बेकायदा बालगृह ठरेल. एखादं मूल खरंच कोणाचंच नसेल, तर पाळकाने ते परस्पर घरी आणायचं नसतं. गावचा चीफ आणि उपकाउंटीचा बालक अधिकारी यांच्यामार्फतच त्याची सोय लावायची असते. त्या अधिकाऱ्याचं पत्र नसलेलं मूल तुझ्या यादीत नको. काही ठिकाणी पाहुणे येणार म्हटलं की शेजारपाजारची पोरं रांगेत उभी केली जातात. यादी, शाळेचं हजेरीपुस्तक आणि न सांगता दिलेली एक भेट, एवढ्यात ते उघडं पडतं. ही भेट त्या पाळकाच्या नात्यातल्या माणसाने द्यायची नाही.

आता घराचा हिशेब. आजी आणि तीन नातवंडं धर. मक्याच्या पिठाची उगाली हे तिथलं रोजचं जेवण, सोबत सुकुमा म्हणजे पालेभाजी. माणशी दिवसाला ३५० ग्रॅम पीठ धरलं तर महिन्याला ४२ किलो, वर्षाला जवळपास ५१० किलो. तिकडे मक्याचं पोतं ९० किलोचं असतं, म्हणजे सहा पोती. हे धान्य दर महिन्याला विकत घेऊन देणं सर्वांत सोपं आणि सर्वांत वाईट. घरामागे अर्धा एकर असेल तर पाच किलो संकरित बियाणं, आणि खतांपैकी २५ किलो डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) व २५ किलो कॅन (कॅल्शियम अमोनियम नायट्रेट) एवढं वेळेवर पोचव. पाऊस नीट झाला तर त्यातून बराचसा मका घरचाच होतो.

'वेळेवर' हा शब्द अधोरेखित कर. मोठा पाऊस मार्चमध्ये सुरू होतो, त्यामुळे पैसा फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तिथे हवा. तुमच्या मंडळीचं खास अर्पण ईस्टरला गोळा होतं, ते पोचेपर्यंत पेरणी होऊन गेलेली असते. रोख देऊ नकोस. घरात कोणी आजारी पडलं की खताचे पैसे आधी दवाखान्यात जातात, आणि त्यात आजीची चूक काही नाही. गावच्या कृषी दुकानातून थेट माल उचलू दे. बियाण्याच्या पाकिटावर खरवडून एसएमएसने तपासायचं लेबल असतं, ते दुकानातच तपासायला सांग, कारण बनावट बियाण्याचा सुळसुळाट आहे. डीएपी बियाण्याला चिकटून टाकलं तर उगवण जळते, मध्ये मातीचा थर हवा. कॅन गुडघाभर पीक झाल्यावर द्यायचं, तेही ओलीवर.

त्या भागातल्या जमिनीत स्ट्रायगा हे परजीवी तण फार आहे. तिथल्या लुओ भाषेत त्याला 'कायोंगो' म्हणतात, आपल्याकडे ज्वारीच्या मुळांवर जगणारा टारफुला त्याचाच भाऊबंद. जांभळी फुलं दिसली की मका आधीच पोखरलेला असतो. म्हणून हे तण फूल येण्याआधी उपटायचं, आणि मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम हे शेंगवर्गीय चारापीक लावायचं, ते स्ट्रायगाला दाबतं आणि जनावरांना चाराही होतो. तुझ्या मंडळीत सोलापूर-नगरकडचे शेतकरी असतील तर ही गोष्ट तुझ्यापेक्षा त्यांना चटकन कळेल. त्यांनाच या कामात घे, समितीत नेहमीचे चार शिक्षक पुरेत.

काढणीनंतरची चूक मात्र जिवावर बेतते. ओला मका पोत्यात भरला की बुरशी धरते आणि तिचं विष, अफ्लाटॉक्सिन, शिजवूनही जात नाही. ओलावा साडेतेरा टक्क्यांच्या खाली हवा. यंत्र नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर मका आणि चमचाभर कोरडं मीठ घालून हलवायचं, मग थोडा वेळ ठेवायचं. मीठ काचेला चिकटलं तर मका अजून ओला आहे. वाळवायला ताडपत्री आणि हवाबंद पिशव्या दे. या दोन वस्तूंच्या फोटोवर कोणी देणगी देत नाही, म्हणून त्या नेहमी राहून जातात.

शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि तीन सत्रं असतात. फी थेट शाळेच्या खात्यावर किंवा तिच्या एम-पेसा (मोबाइलवरून पैसे भरायची तिथली सोय) क्रमांकावर भरायला सांग आणि पावतीवर मुलाचा प्रवेश क्रमांक बघ. फी नाही म्हणून मूल घरी बसतं असं आपण समजतो. पुष्कळदा गणवेश, बूट किंवा परीक्षेचे किरकोळ पैसे नसतात म्हणून ते बसतं. मुलींच्या बाबतीत सॅनिटरी पॅडही त्याच यादीत धर. पंचांसमोर हा शब्द उच्चारायला लाजू नकोस.

काही मुलं एचआयव्हीची औषधं घेत असतील. ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, खर्च असतो तो जाण्यायेण्याचा आणि पोटभर खाण्याचा. तो द्यायचा, पण कोणतं मूल औषध घेतं हे तुझ्या मंडळीला कळता कामा नये. साक्षीच्या सभेत तर नाहीच. मुलांची नावं, चेहरे आणि दुःख एकत्र छापलेलं पत्रक काढू नकोस. एक देणगीदार-एक मूल अशी जोडीही लावू नकोस, नाहीतर एकाच चुलीवर जेवणाऱ्या तीन भावंडांत एकाच्याच पायात नवे बूट येतात.

पैसे कसे जातील? इथे पुष्कळ मंडळ्या अडकतात. परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची उदारीकृत योजना व्यक्तींसाठी आहे, ट्रस्टसाठी नाही. ट्रस्टने उत्पन्न भारताबाहेर खर्च केलं तर मंजुरीशिवाय त्यावर करसवलत मिळत नाही. तुमच्या ट्रस्टला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली बाहेरून पैसा येत असेल, तर २०२०च्या दुरुस्तीनंतर तो पुढे दुसऱ्या कोणाला देता येत नाही, त्या खात्याला हातच लावू नकोस. मार्ग एवढाच की प्रत्येक देणगीदाराने आपल्या पॅनवर, आपल्या खात्यातून पाठवायचं. उद्देशाच्या रकान्यात परदेशातल्या धार्मिक व धर्मादाय संस्थेला देणगी, म्हणजे एस१३०३, असं लिहायचं. बँकेतला मुलगा सवयीने कुटुंबाच्या निर्वाहाचा कोड टाकतो, तिथे थांबवायचं. या देणगीवर आयकर सवलतीची ८०जी पावती मिळणार नाही, हे आधीच व्यासपीठावरून सांग. मधल्या बँकांची कपात दर खेपेला होते, म्हणून दरमहा पाठवण्यापेक्षा प्रत्येकाने वर्षातून तीनदा पाठवावं: जानेवारीची फी, फेब्रुवारीचं बियाणं आणि ऑगस्टच्या सत्राची फी. आणि तिकडचं खातं पाळकाच्या नावाचं नको, नोंदणीकृत मंडळीचं आणि किमान दोन सह्यांचं हवं. पौलाने यरुशलेमसाठी गोळा केलेलं अर्पण एकट्याने नेलं नाही. कोणी बोट दाखवू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतली, करिंथकरांस दुसरं पत्र, आठवा अध्याय. पौलाला जमलं ते तिकडच्या पाळकालाही जमेल. हे ऐकून तो रागावला, तर तेवढ्यातच पुष्कळ कळेल.

नोंदणीचा कागद मागताना संकोच नको. २०२३मध्ये केनियातल्या शाकाहोलाच्या जंगलात एका उपदेशकाच्या नादी लागून उपाशी मेलेल्या चारशेहून अधिक माणसांचे देह सापडले, तेव्हापासून तिथलं सरकारही मंडळ्यांना कागद विचारतं.

आता मंदिराचं छत. ते दे, पण त्याआधी जमीन बघ. मालकीपत्र पाळकाच्या किंवा त्याच्या भावाच्या नावावर असेल तर तुझं छत त्यांच्या घराचं होईल. भूमी कार्यालयातून मालकीचं शोधपत्र काढायला सांग. शेतजमीन मंडळीच्या नावे करायची तर भूमी नियंत्रण मंडळाची संमती लागते, तिच्यासाठी करारापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो, आणि संमती नसेल तर व्यवहारच रद्दबातल. पत्रे २८ गेजचे घे. ३० गेज स्वस्त असतो, पण गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो, आणि वाऱ्याने खिळ्यापाशी फाटतो. लाकूड वाळवीसाठी प्रक्रिया केलेलंच हवं. भिंती तिथल्या मंडळीने उभ्या केल्या आहेत, हे उत्तम लक्षण आहे. छताची मजुरीही त्यांच्याचकडे राहू दे.

पाळकाचा पगार मात्र अंगावर घेऊ नकोस. हा धडा आपल्या घरचा आहे. बोस्टनहून अमेरिकन मिशन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५मध्ये अमेरिकन मराठी मिशन बघायला आले, ते मंडळी आपल्या पायावर, आपल्या पाळकाखाली उभी राहिली पाहिजे हा आग्रह धरूनच. तरीही पुढे कित्येक दशकं आपल्या मंडळ्या पैशासाठी समुद्राकडे बघत राहिल्या, त्याची सवय तुझ्या पंचांच्या बोलण्यात अजून ऐकू येते. याउलट पंडिता रमाबाईंचं बघ. १८८७मध्ये बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या संघाने त्यांना दहा वर्षांचा शब्द दिला होता. मुदत ठाऊक होती म्हणून त्यांनी केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडं लावली. तूही मुदत सांग. पहिल्या पत्रातच लिही की मदत पाच वर्षं, आणि चौथ्या वर्षापासून कमी होत जाईल. पाळकाला सायकल दे, प्रशिक्षणाचा खर्च दे, पुस्तकं दे. भाकरी त्याची मंडळी देईल, पैशात नसेल तर सुगीच्या अर्पणातल्या मक्यात.

भेटीला जाणार असशील तर दोघंच जा आणि हंगाम बघून जा. तरुण संघाची वीस जणांची सहल नको. आठवडाभर मुलांना कडेवर घेऊन मग विमानात बसणारे पाहुणे आई गेलेल्या मुलाला पुन्हा एकदा सोडून जातात. मुलांसोबत एकट्या मोठ्या माणसाने बंद खोलीत बसायचं नाही, हा नियम तुलाही लागू. तिथे राहून सेवा करायची तर धार्मिक व धर्मादाय कामाचा वर्ग आय परवाना लागतो, पर्यटक म्हणून जाऊन उपदेशाचे दौरे काढू नकोस. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, अधिकृत केंद्रातच घे. ते पिवळं कार्ड परतताना आपल्या विमानतळावर मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसवतात. तिथे व्हिक्टोरिया सरोवराकाठी मलेरिया आहे, त्याची प्रतिबंधक गोळी डॉक्टरांना विचारून सुरू कर आणि परतल्यावर ती सांगितलेले दिवस पूर्ण घे. घरी आलो म्हणून बहुतेकजण मध्येच सोडतात.

यादी आली की मला पाठव. नावांपुढचा 'मूल कोणाकडे झोपतं' हा रकाना कोरा असेल, तर पंचांची सभा पुढे ढकल.

तुझा,
प्रभूमधला वडीलबंधू