वायर तिसऱ्यांदा बदलली, तोटा तसाच

‘यांना शेअर ट्रेडिंग बंद करायला सांगा,’ ही विनंती समुपदेशक म्हणून माझ्याकडे बहुतेक वेळा घरातल्या बायका घेऊन येतात. ठाण्याच्या घोडबंदर रोडवरून आलेल्या ताईंचीही तीच होती. मात्र त्यांच्या पतीने आठ महिन्यांत तिसऱ्यांदा इंटरनेट कंपनी बदलली होती आणि दर वेळी हॉलच्या भिंतीला नवे भोक पडले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

पती पहिल्या भेटीला वही घेऊन आले. तिच्यात शेअरच्या भावांपेक्षा इंटरनेटच्या स्पीड टेस्टचेच आकडे अधिक होते, तेही सकाळी सव्वानऊला बाजार उघडल्यापासून दर पाच मिनिटांचे. इंटरनेटवर धंदा करणाऱ्या कंपन्यांचे शेअर फुगलेले आहेत हे आपल्यालाही कळते, म्हणून आपण ते त्याच दिवशी घेऊन विकतो. फक्त ऐन वेळी लाइन अडकते आणि भाव निसटतो, असे त्यांचे म्हणणे होते.

मी वाद घातला नाही. महिनाभर प्रत्येक सौद्यापुढे त्यामागचे कारण आणि त्या वेळी लाइन चालू होती की नाही, एवढेच लिहायचे ठरले. महिन्याअखेर ४६ सौद्यांपैकी २९ तोट्याचे निघाले आणि त्यांपैकी लाइन अडकलेले अवघे दोन. कारणाच्या रकान्यात मात्र ‘कालचे भरून काढणे’ अकरा वेळा आले होते. त्यांनी ते दोनदा मोजले आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसले.

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०२४ च्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये शेअरचे इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकण्याचे, सौदे करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात जणांना तोटा झाला, आणि तोट्यात गेलेल्यांचे सौदे नफ्यातल्यांपेक्षा सरासरीने जास्त होते, हे मी त्यांना त्यानंतरच सांगितले. आधी सांगितले असते तर ते उरलेल्या तिघांत स्वतःला मोजून मोकळे झाले असते. शेअर फुगलेला आहे हे ओळखणे त्या मानाने सोपे असते, वेळेवर बाहेर पडणे अवघड. मार्च २००० मध्ये ५,०४८ वर पोचलेला, इंटरनेट-तंत्रज्ञान कंपन्यांचा भरणा असलेला अमेरिकेचा नॅस्डॅक निर्देशांक ऑक्टोबर २००२ मध्ये १,११४ वर आला, तेव्हा फुगवटा ओळखून असलेलेही अनेक जण बाहेर पडायची वेळ चुकल्याने बुडाले.

ताईंना मी बंदीचा आग्रह सोडायला सांगितले, कारण बंदी घातलेले ट्रेडिंग मोबाइलवरून न्हाणीघरात चालते, हे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे. त्याऐवजी घरखर्च आणि मुलीच्या फीचे पैसे ताईंच्या खात्यात जातील आणि ट्रेडिंगची रक्कम ठरलेल्या आकड्यापुढे वाढणार नाही, असे दोघांनी लिहून सह्या केल्या. उधारी सुरू झाली किंवा झोप उडाली, तर मात्र मनोविकारतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नये, हेही बजावले. हातातले शेअर ठेवावेत की विकावेत, हा प्रश्न मी सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराकडे पाठवला. तो माझा प्रांत नव्हे.

चौथ्या कंपनीचा माणूस यायचा होता, त्याला त्यांनी स्वतः फोन करून नको म्हटले. सौदे थांबलेले नाहीत, आठवड्याला तीन-चार होतात. भिंतीतली दोन जुनी भोके ताईंनी पुट्टी लावून बुजवून घेतली आहेत.